गुडघे आणि साखर सांभाळून परसबाग चालू ठेवायची आहे, वाफे कसे करावेत?

शहापूरची काकू, बेळगाव

नमस्कार मंडळी. वय ६७. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. साखर आहे, तिच्या दोन गोळ्या चालू आहेत, रक्तदाबाची एक गोळी सकाळी असते. घरामागे २० बाय १५ फूट जागा, तांबडी माती, सकाळी ८ ते दुपारी २ पर्यंत चांगलं ऊन. आत्ता वाफे जमिनीलगतच आहेत. मेथी, शेपू, पोकळा, घेवडा, चार वांगी, सहा टोमॅटो, मोरीच्या पाण्यावर अळू. पाणी बादलीने घालावं लागतं.

घरातले म्हणतात आता पुरे. मला पुरे करायचं नाही. मिरगाच्या आत बांधून घेणार आहे, तर तीन गोष्टी नीट सांगा. वाफे किती उंच आणि कशाचे करायचे? पाण्याची बादली कशी सुटेल? आणि साखर असताना मातीत काम करताना नेमकं काय सांभाळायचं? "काळजी घ्या" एवढंच नको, काय करायचं ते सांगा.

हिंडलगा परसबाग

काकू, पुरे करायची काही गरज नाही. जमीन तुमच्यापर्यंत वर आणायची, एवढंच काम आहे. पण उंची ठरवताना बहुतेकांची एक चूक होते, ती आधी सांगतो.

सगळे वाफे एकाच उंचीचे करू नका. मेथी, शेपू, कोथिंबीर, पोकळा यांत हात सतत मातीत असतो: पेरणी, विरळणी, खुरपणी, काढणी. असे वाफे उंच हवेत. टोमॅटो, वांगी, घेवडा हे स्वतःच तीन-चार फूट वाढतात. ते दोन फुटांच्या वाफ्यात लावले तर तोडणीला हात खांद्याच्या वर जातो आणि मान-खांदा धरतो. त्यांना एक फूट उंची भरपूर झाली. रोप लावायच्या दिवशी तेवढं कुणाकडून तरी करून घ्या, पुढचं सगळं काम कमरेच्या वरच आहे.

पालेभाजीचा वाफा बसून करायचा धरू. प्लास्टिकच्या साध्या खुर्चीची बैठक १७ इंचांच्या आसपास असते. तिच्यावर बसून कोपर वाकवलं की ते जमिनीपासून साधारण २५ इंचांवर येतं. म्हणून मातीची पातळी २२ ते २४ इंच. आपल्या खुर्चीवर बसून टेप लावून बघा आणि त्यावरून ठरवा. पाट किंवा बुटकं स्टूल नको. बैठक गुडघ्यापेक्षा खाली गेली की उठताना सगळा भार झिजलेल्या गुडघ्यावर येतो. खुर्ची हातांची घ्या, उठताना दोन्ही हातांनी रेटा देता येतो.

आता रुंदी. बसल्या जागेवरून हात आरामात दोन फुटांपर्यंत जातो, त्यापुढे पाठ ओढली जाते. इथे भिंतीची जाडी धरायला लोक विसरतात. सहा इंचांची भिंत असेल तर त्या दोन फुटांतले सहा इंच भिंतीनेच खाल्ले. म्हणजे एका बाजूने काम करायचं तर आतली माती दीड फूट, दोन्ही बाजूंनी फिरता येत असेल तर तीन फूट. तुमच्या जागेत मधोमध एक वाफा, आतून ८ बाय ३ फूट, चारी बाजूंनी तीन फुटांची वाट, आणि कंपाउंडकडेला टोमॅटो-घेवड्याचा एक फुटी वाफा असं बसेल. घराच्या भिंतीला चिकटून काही बांधू नका. ओल आत येते आणि आपल्या तांबड्या मातीत वाळवीला आयता रस्ता मिळतो. दोन फूट अंतर तरी सोडा.

बांधायला चिरा, म्हणजे जांभा दगड, सगळ्यात चांगला. खानापूर, चंदगड भागातून सहज येतो, पावसाने खराब होत नाही. खाली सहा इंच खोदून पहिला थर जमिनीत घ्या. एक फुटापर्यंत नुसता रचला तरी उभा राहतो. दोन फुटांना मात्र सिमेंट-वाळू एकास सहा मालात सांधे भरून घ्या, कारण जुलैत भिजून जड झालेली माती भिंत बाहेर ढकलते आणि आधी कोपरे सुटतात. तळाशी दर दोन फुटांवर पाणी जायला भोक ठेवायचं, आतून त्याच्या तोंडाशी खडी. तळाला काँक्रीट करू नका, खालची जमीन उघडीच हवी. गवंडी हौसेने कोबा करून देतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

भरण्याचा हिशेब: ८ बाय ३ बाय २ म्हणजे ४८ घनफूट. खालचा एक फूट जागेवरच्याच मातीने आणि मुरमाने भरा. नारळाची सोडणं, सुकी लाकडं तळाला घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी सांगतात. आपल्याकडे घराजवळ सुकं लाकूड पुरणं म्हणजे वाळवीला बोलावणं, ते टाळा. वरचा एक फूट म्हणजे साधारण ६८० लिटर. १५ लिटरचं घमेलं धरलं तर ४५ घमेली. त्यात २३ तांबडी माती, ११ शेणखत, ११ पानांचं कुजलेलं खत. पहिल्या पावसात हे तीन-चार इंच खाली बसतं, तेव्हा आठ-दहा घमेली बाजूला ठेवा, सप्टेंबरात वरून घालायला लागतील.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. मुठीत दाबून सोडलं की भुगा व्हावा, शेणाचा वास येऊ नये, ढिगात हात घातला तर गरम लागू नये. अर्धकच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या येतात. पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या. त्या मुळं खातात आणि रोप हाताने उचललं तर अलगद वर येतं.

वाटेवर गुळगुळीत शहाबादी फरशी घालू नका. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही. मुरूम ठोकून घ्या, नाहीतर काँक्रीट ओलं असताना त्यावर खराट्याने रेघा ओढून घ्या.

एक राहिलं. खुर्ची वाफ्याला समांतर लावून अंग वळवून काम करू नका, कंबर धरते. भरीव वाफ्यात पाय आत जात नाहीत म्हणून सगळे असंच बसतात. भिंत बांधतानाच जमिनीवरचा पहिला थर मध्ये दीड फूट रुंद आणि सहा इंच आत घ्या, म्हणजे पावलं आत जातात आणि समोर तोंड करून बसता येतं. अशा दोन खाचा प्रत्येक लांब बाजूला पुरतात.

अथणीकडचा

हिंडलग्याच्या काकांनी सांगितलेलं सगळं तांबड्या मातीला बरोबर आहे. अथणी, रायबाग, गोकाक, बैलहोंगलकडचं कुणी वाचत असेल तर त्यांनी काळ्या मातीवर असं बांधकाम जसंच्या तसं करू नये. काळी माती भिजली की फुगते, एप्रिलात भेगाळते. सहा इंचांच्या पायावर भिंत दोन वर्षांत तडकते. एक ते दीड फूट खोदून मुरूम भरून ठोकायचा, त्यावर बांधायचं. आत भरायलाही नुसती काळी माती नको. दोन घमेली माती, एक जाड वाळू, दीड शेणखत असं करा, नाहीतर वर चिखल आणि खाली दगड होतो.

बांधकामाचा खर्च नको असेल तर २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप आडवं, लांबीत कापून दोन कुंड्या होतात. लोखंडी स्टँडवर ठेवा. खाली मोकळं असल्याने पाय आत जातात. पिंप कशाचं होतं ते विचारून घ्या. रसायनाचं किंवा औषधाचं नको, खाण्याच्या पदार्थाचंच हवं. पण अर्ध्या पिंपात माती भरून भिजली की दीडशे किलोच्या घरात जातं, म्हणून स्टँड जागेवर ठेवूनच भरायचं. गच्चीवर ठेवणार असाल तर तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवर, स्लॅबच्या मधोमध नाही.

आता पाणी. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो एका हाताला, आणि अंग एका बाजूला वाकतं. हातानेच घालायचं तर चार-चार लिटरच्या दोन झाऱ्या, दोन्ही हातांत एकेक. पण काकू, तुम्ही ठिबक करून घ्या. एवढ्या जागेला एका दिवसाचं काम आहे.

२०० लिटरचं झाकणाचं पिंप चार-साडेचार फुटांच्या ओट्यावर. तळापासून दोन इंच वर तोटी, कारण गाळ खाली बसतो. तोटीला जाळीचा फिल्टर, पुढे १६ मिलिमीटरची काळी नळी. ती वाफ्याच्या लांबीत दोन ओळींत फिरवायची आणि दर फुटावर ड्रिपर. दुकानदार चांगला म्हणून दाब-नियंत्रित ड्रिपर देतो, तो घेऊ नका. त्याला मोटरचा दाब लागतो. चार-पाच फूट उंचीवरच्या पिंपाचा दाब फारच कमी असतो, त्यावर तो नीट चालत नाही. साधा, फिरवून कमी-जास्त करता येणारा आणि उघडून धुता येणारा घ्या. नळीचं शेवटचं टोक दुमडून क्लिप लावतात, ती आठवड्यातून एकदा काढून पाणी जोरात जाऊ द्या. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडावर पांढरी खपली धरते. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकायचे.

पिंपाच्या झाकणाला फट असेल तर वरून सुती कापड ताणून बांधा. डेंगीचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतली कड घासायची. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. कुंड्यांखालच्या थाळ्याही त्याच दिवशी.

पाणी किती, याला ठरावीक आकडा नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं. टोकाला ओल लागली तर आज नको.

आच्छादन घातलं तर निम्मी खुरपणीही वाचते. आमच्याकडे उसाचं पाचट, तुमच्याकडे भाताचं पिंजर. कापून चार-चार इंचांचे तुकडे, थर दोन-तीन इंच, रोपाच्या बुंध्यापासून दोन बोटं लांब. बुंध्याला चिकटवलं की तिथे कूज धरते. पावसाळ्यात मात्र आच्छादन पातळ करा, मोठ्या गोगलगायी त्याखालीच दिवस काढतात. रात्री आठनंतर बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. उघड्या हाताने गोगलगाय उचलू नका, तिच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात.

टिळकवाडी, निवृत्त परिचारिका

काकूंचा तिसरा प्रश्न मी घेते. औषधाचे डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचे, बागेत काय करायचं ते मी सांगते.

आधी गोळ्यांची नावं बघा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर काम करताना साखर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांतली एखादी असेल किंवा इन्सुलिन असेल तर तासभर खुरपणी केल्यावर साखर उतरू शकते. बागेत हे ओळखणं अवघड जातं, कारण पहिली खूण घाम असते आणि घाम कामानेही येतो. फरक असा: कामाचा घाम सावलीत बसलं की पाच मिनिटांत आटतो. साखरेचा घाम गार, चिकट असतो, बसल्यावरही थांबत नाही. हात थरथरतात, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, साधं वाक्य जुळवायला वेळ लागतो. रक्तदाबाच्या गोळीत अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर थरथर आणि छातीतली धडधड झाकली जाते, घाम मात्र येतोच. तेव्हा तुमची रक्तदाबाची गोळी कोणती, तेही वाचून ठेवा.

बागेच्या पिशवीत ग्लुकोजची पूड किंवा साखर ठेवा. शंका आली की ३ ते ४ छोटे चमचे पाण्यातून घ्यायचे, १५ मिनिटांनी मशीनवर बघायचं. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी-भाजी किंवा दूध-पोहे असं काही खायचं. अशा वेळी कुंदा किंवा पेढा तोंडात टाकू नका. त्यात साय-तुपाचा अंश असतो, त्यामुळे साखर रक्तात हळू चढते आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. सरळ १०८ ला फोन.

कामाला उपाशी पोटी उतरायचं नाही. नाश्ता, गोळ्या, मग अर्ध्या तासाने बाग. सलग २० मिनिटांवर एकच काम नको. खुरपणी झाली की उभं राहून तोडणी, मग बसून निवडणी.

पायांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण साखरेत तळव्याची जाणीव कमी होते आणि बाभळीचा काटा रुतलेला दोन दिवस कळत नाही. अनवाणी मातीत पाय ठेवायचा नाही, पहाटे तुळशीला पाणी घालायला जातानासुद्धा. जाड तळव्याचा, पुढून बंद बूट घ्या. पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवा, खडा असतो, कधी विंचूही. मोजे सुती आणि पांढरे. पांढरे अशासाठी, की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. गमबूट पावसात चांगले, पण तासाभरात काढायचे, आत घामाने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

आत आलात की पाय कोमट पाण्याने धुवा. पाण्याचा अंदाज कोपराने घ्या, पायाने नको, बधिर पायाला चटका कळत नाही. बेचक्या कोरड्या पुसा. तळव्याला आणि टाचेला खोबरेल चालेल, बेचकीत तेल-क्रीम नको. मग खाली आरसा ठेवून दोन्ही तळवे बघायचे. रोज. लालसर चट्टा, फोड, भेग, काळा ठिपका, एका पायाला जास्त ऊब, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. हळद-चुना लावून आठवडा काढायचा नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, पाय बधिर व्हायला तेही एक कारण असतं. पुढच्या रक्ततपासणीत तेवढं बघून घ्यायला सांगा.

धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, गंजक्या खिळ्याचीच गरज नाही. शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल तर आता घ्या, पुढे दर दहा वर्षांनी. शेणामातीने घाण झालेली खोल जखम असेल आणि लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुवायची.

पावसाळ्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. हाता-पायाला खरचटलं असेल तर पट्टी लावून मग हातमोजे. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्यावर कळ, असं दिसलं तर "मी मातीत काम करते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांना तेवढ्याने दिशा मिळते.

रक्तदाबाच्या गोळीनंतर वाकून काम करून झटक्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. खुर्चीतच पावलं दहा वेळा वर-खाली करा, मग उठा, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी वाफ्याची कड धरून दहा आकडे मोजा.

गुडघ्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू बळकट हवा. खुर्चीत टेकून बसायचं, एक पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, खाली. एका पायाला दहा, दिवसातून दोन वेळा. दुखणं वाढलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. खुरप्याच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन वेढे घट्ट द्या. मूठ जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात, अंगठ्याचा सांधा वाचतो.

आणखी एक, काकूंसाठी नाही पण वाचणाऱ्यांत कुणी असेल. रक्त पातळ करायची वॉरफरीन चालू असेल तर बागेत मेथी-पालक आलाय म्हणून आठवडाभर रोज आणि मग महिनाभर काहीच नाही, असं करू नका. पालेभाजीचं प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा.

शहापूरची काकू, बेळगाव

एवढं बारकाईने कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटावर बघितलं, मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. साखरेची डबी आजच बागेच्या पिशवीत टाकली. खाचांचं गवंड्याला कागदावर काढून देते.

एक शंका राहिली. टोमॅटोची सहांपैकी तीन झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. पानं हिरवीच आहेत, पिवळी नाहीत. पाणी वाढवलं तरी तसंच. हीच माती उकरून नवीन वाफ्यात भरायची होती.

कडोलीचा भाजीवाला अण्णा

काकू, ती माती भरायच्या आधी थांबा. पानं हिरवी असताना झाड मान टाकतं ही जिवाणूजन्य मर रोगाची खूण आहे. आपल्या तांबड्या, आंबट मातीत टोमॅटो-वांग्यांना तो नेहमी येतो. पाणी वाढवू नका, ओल्या मातीतूनच तो शेजारच्या झाडाला जातो.

खात्री घरीच करता येते. मान टाकलेलं एक झाड उपटा. बुंध्यापासून चार बोटं वर खोडाचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार सुरीने आडवा कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, ते थरथरायचं थांबू द्या, आणि तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा तो वरून धरून ठेवा. हलवायचं नाही. उजेडाकडे पेला करून बघा. मर रोग असेल तर दोन-तीन मिनिटांत त्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसतात, थोड्या वेळाने सगळं पाणी गढूळ होतं. धागे आले नाहीत तर खोड उभं चिरून बघा. आत तपकिरी रेघा असतील तर बुरशीची मर, आणि आत सगळं स्वच्छ असेल तर मुळांवर गाठी आहेत का बघा, त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या.

पांढरे धागे दिसले तर कुठलंही औषध मारून झाड वाचत नाही. दुकानात काही ना काही देतील, पैसे घालवू नका. तिन्ही झाडं मुळासकट, भोवतीच्या घमेलंभर मातीसह काढा, वाळवून जाळा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. खुरपं आणि सुरी उकळत्या पाण्यात बुडवून काढा, मग दुसऱ्या झाडाला लावा.

त्या जागेची माती नव्या वाफ्याच्या वरच्या थरात अजिबात नको. तळाच्या थरातही नको, टोमॅटोची मुळं दोन फूट जातात. नवीन माती भाजीच्या शेतातून आणू नका, आधी तिथे वांगी, बटाटा, मिरची होती का ते कुणी सांगत नाही. भाताच्या किंवा नाचण्याच्या रानातली घ्या. जुन्या जागेत तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काही नाही. मका, घेवडा, मेथी, कांदा, भेंडी चालेल.

मातीची आम्लता तपासून घ्या, जवळच्या रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याचं शेतकरी केंद्र) नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. नमुना घेताना वरचा पाला बाजूला करून सहा इंच खोल, पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून द्यायची. आम्लता जास्त निघाली तर शेतीचा चुना घाला, प्रमाण तपासणीच्या कागदावरून घ्या. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळू नका, खतातलं नत्र वायू होऊन उडून जातं. चुना आधी, पाणी मारून दोन-तीन आठवडे थांबा, मग शेणखत.

पुढच्या खेपेला बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं अर्का रक्षक बी बघा. मर रोग, करपा आणि पानं गुंडाळणारा विषाणू या तिन्हींना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. संकरित आहे, त्यामुळे फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तो गुण टिकत नाही, दरवेळी नवीन पुडी घ्यावी लागते. रोप मात्र पावसाळ्यात लावू नका. हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्याला लावा, डिसेंबरात फळ सुरू होतं. जून ते ऑगस्ट तो वाफा आंबाडीला द्या. तिला आपल्याकडे कुणी पुंडीही म्हणतात. बी विस्कटून पेरलं तरी उगवतं, पाऊस झेलते, आणि वरचे शेंडे खुडत राहिलात तर गणपतीपर्यंत भाजी पुरते.

हिंडलगा परसबाग

अण्णांचं पटलं. मग माझ्या हिशेबात बदल करा, काकू. तळाच्या एक फुटात जागेवरची माती घालायला सांगितली होती, ती टोमॅटो जिथे कधीच नव्हते त्या कडेची घ्या, किंवा तळाला सगळा मुरूमच भरा. ८ बाय ३ ला २४ घनफूट मुरूम लागेल. वाटेसाठी मुरूम येणारच आहे, त्याच खेपेत जास्त मागवून ठेवा. आणि पेल्यातली परीक्षा करून इथे कळवा, धागे आले की नाही ते.